परग्रहावरचा जीवघेणा जीव कमी पैशांत कसा उभा राहतो

विज्ञान-भयपटाच्या छोट्या बजेटला सगळ्यात मोठं भगदाड पडतं ते जीवाच्या पोशाखाने. डोक्यापासून पायापर्यंत रबराचा सूट तयार होतो, आत एक माणूस घामाने निथळत उभा राहतो, आणि पहिल्याच शॉटला प्रेक्षक ओळखतो की कुणीतरी सूट घातलाय. रबर कितीही उत्तम असलं तरी हे होतं, कारण जीव दिसतो कसा हे आधी ठरवलेलं असतं आणि तो जगतो कसा हे कुणी विचारलेलंच नसतं. हा क्रम उलटा करा. जीव काय खातो, कशाने वाढतो, कशाने मरतो हे पक्कं झालं की बहुतेक शॉट्समध्ये त्याला दाखवावंच लागत नाही. त्याने मागे ठेवलेल्या खुणा दाखवल्या की भागतं, आणि खुणा स्वस्तात बनतात.

आधी त्याचं पोट, मग तोंड

पटकथेआधी दोन पानांत जीवनचक्र लिहून काढावं. शरीरात शिरतो कुठून, शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत किती तास जातात, वाढ कुठे थांबते, बाहेर कसा पडतो. 'तो खूप धोकादायक आहे' यातून एकही शॉट निघत नाही. 'तो ओल्या जागी सहा तासांत फुटतो' यातून वीस निघतात.

उल्केतून आलेला जीव ही कल्पना जुनी असली तरी टाकाऊ नाही. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं सापडली. म्हणजे प्रथिनांच्या विटा तरी पृथ्वीबाहेर तयार होतात. इतक्या लांबच्या प्रवासात जीव तगेल कसा, याचं उत्तर टार्डिग्रेड देतात. हा जेमतेम अर्धा-एक मिलिमीटरचा प्राणी. भोवतालचं पाणी आटलं की तो अंगातलंही जवळजवळ सगळं पाणी सोडतो आणि आक्रसून निपचित पडतो. सप्टेंबर २००७ मध्ये फोटॉन-एम३ यानातून असे वाळलेले टार्डिग्रेड दहा दिवस अंतराळाच्या निर्वातात ठेवले होते. अतिनील किरणांपासून आडोसा मिळालेल्यांपैकी बरेचसे परत आल्यावर, पाणी मिळताच, पुन्हा हलू लागले.

छोट्या सिनेमासाठी हे घबाड आहे. कोरडा असताना करडी भुकटी, ओला झाला की जिवंत, असा जीव धरून चाला. पहिला अर्धा तास नुसत्या भुकटीवर निघतो. गळणारा नळ, कपाळावरचा घाम, काचेवर धरलेली वाफ, रडणाऱ्याचा गाल, यातलं काहीही दाखवलं तरी प्रेक्षक दचकतो. पुढे सगळीकडे उदाहरण म्हणून हाच जीव घेतला आहे.

जाणकार प्रेक्षक इथे एक प्रश्न हमखास काढतो: परग्रहावरच्या जीवाला आपलं शरीर पचणार कसं? प्रश्न रास्त आहे. अमिनो आम्लं डाव्या आणि उजव्या अशा दोन घडणींची असतात, आणि पृथ्वीवरचे जीव प्रथिनं बनवताना जवळजवळ फक्त डावीच वापरतात. उजव्या घडणीवर वाढलेल्या जीवाला आपलं मांस म्हणजे उजव्या हाताला डावा हातमोजा. शिवाय आजाराचे जंतू आपल्या यजमानाशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेत आलेले असतात, परक्याला ती सवय नसते. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे जीवाला आपलं मांस हवंच कशाला? त्याला पाणी हवंय, आणि पाण्याला डावं-उजवं नसतं.

त्यातून हिशोबही जुळतो. सत्तर किलोच्या माणसात ढोबळमानाने चाळीस लिटर पाणी असतं. जीवाचं वजन कुठूनतरी यावंच लागतं. न खाता-पिता बोटभर अळीचा रात्रीत बैल झाला की पुढचा सिनेमा प्रेक्षक कानाआड करतो. शेवटच्या दृश्यात चारशे किलोचा जीव हवा असेल तर पाण्याची टाकी पहिल्या पंधरा मिनिटांत सहज नजरेखालून गेली पाहिजे. वाढीच्या वेगालाही लगाम हवा. दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा एक जंतू २४ तासांत ७२ वेळा दुपटतो. एका जंतूचं वजन ग्रॅमचा एक लाख-कोट्यांशावा भाग धरलं तरी एका दिवसात ४,७०० टन माल तयार व्हायला हवा. तो होत नाही, कारण अन्न त्याच्या कितीतरी आधी संपतं. आपल्या जीवाची वाढ कुठे अडते ते ठरवा. सिनेमाचा शेवट बहुधा तिथेच असतो.

आणखी एक गोष्ट निसर्गाकडून तशीच्या तशी उचलावी. ओफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी मुंगीच्या शरीरात वाढते. मुंगी वारूळ सोडते, एखाद्या पानाच्या शिरेला जबडा रुतवून बसते आणि मरते. मग डोक्यातून बुरशीचा देठ बाहेर येतो. २०१७ मध्ये संशोधकांनी अशा मुंग्यांचे सूक्ष्म काप पाहिले तेव्हा बुरशीच्या पेशी स्नायूंच्या तंतूंभोवती जाळं विणून बसलेल्या दिसल्या, मेंदूत मात्र त्या सापडल्या नाहीत. पटकथालेखकाने या एका वाक्यापाशी थांबावं. बाधा झालेला माणूस शून्यात बघणारा झोंबी असायची गरज नाही. त्याला सगळं कळतंय, बोलता येतंय, फक्त हात त्याचे राहिलेले नाहीत. चेहरा घाबरलेला, हात शांतपणे नळ उघडतोय. याला मेकअपचा खर्च शून्य. अभिनेत्याचा खरा हात पाठीमागे बांधायचा, त्याच्या मागे दुसऱ्या माणसाला दडवायचं आणि त्याचा हात बाहीतून पुढे आणायचा. हा दुसरा हात किंचित उशिरा थांबतो, वळताना खांद्याशी जुळत नाही, आणि नेमकं तेच अंगावर येतं. कॅमेरा छातीच्या उंचीवर, समोरून ठेवावा. बाजूने घेतलं तर खांद्याचा कोन लगेच उघडा पडतो.

आता दार उघडणारा मूर्ख. असल्या सिनेमांवरची सगळ्यात जुनी तक्रार ही की शास्त्रज्ञ शाळकरी पोरांसारखे वागतात. खरी माणसं कशी चुकतात ते बघायला १९६९ पुरेसं आहे. अपोलो ११ चे तिघे परतल्यावर त्यांना चंद्राशी संपर्क आल्यापासून २१ दिवस वेगळं ठेवलं गेलं. ह्यूस्टनमध्ये त्यासाठी खास प्रयोगशाळा बांधली होती. पण यान समुद्रात उतरल्यावर त्याचं झाकण तिथेच उघडलं, अलगीकरणाचे पोशाख आत दिले, आणि मगच अंतराळवीर बाहेर आले. चंद्रावर जंतू असते तर ते त्याच क्षणी समुद्रात गेले असते. हेलकावणाऱ्या यानात माणसांना कोंडून ठेवणंही शहाणपणाचं नव्हतं, म्हणून दार उघडलं. अपोलो १४ नंतर हे विलगीकरण बंद झालं. तुमच्या सिनेमातलं दारही असंच, पटण्याजोग्या कारणाने उघडलं गेलं पाहिजे.

भुकटी

करड्या भुकटीसाठी वस्त्रगाळ केलेली फुलर्स अर्थ, म्हणजे मुलतानी माती, चालते. टेबलावर, बोटांवर, काचेवर ती छान बसते. श्वासाजवळ मात्र ती उडवायची नाही, बारीक धूळ फुप्फुसाला वाईटच. उडणारी भुकटी वेगळी, काळ्या पडद्यासमोर, बाजूने प्रकाश देऊन आणि माणसांशिवाय चित्रित करावी आणि एडिटिंगमध्ये स्क्रीन मोडने मूळ शॉटवर चढवावी. काळं नाहीसं होतं, कण उरतात. पिठूळ स्टार्च हवेत उडवणं हा मोह टाळा. हवेत पसरलेला स्टार्च ज्योतीजवळ भडकतो.

भुकटी जिवंत आहे हे दाखवणारा शॉट एका बशीत होतो. काळ्या, उथळ बशीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी घ्या, ते स्थिर होऊ द्या आणि वर मिरीची बारीक पूड हलकेच भुरभुरा. पूड तरंगत राहते. कॅमेरा वरून, मॅक्रो लेन्स. मग बोटाच्या टोकाला भांडी घासायच्या साबणाचा ठिपका लावून पाण्याच्या मधोमध टेकवा. साबणाने त्या जागी पृष्ठताण कमी होतो, बाहेरचं पाणी पूड आपल्याकडे खेचतं आणि क्षणार्धात ती कडेला पळते. हा शॉट सेकंदाला १०० फ्रेमवर घ्या आणि उलटा चालवा. कडेची धूळ चहूकडून सरकत येते आणि बोटाला वेढते. एका पाण्यात एकच टेक मिळतो. पुढच्या टेकसाठी बशी साबणाचा अंशही न राहील अशी धुवावी लागते, नाहीतर पूड जागची हलत नाही आणि कुणाला कारण कळत नाही. म्हणून सारख्या पाच-सहा बशा आधीच मांडून ठेवाव्यात.

चिकटा

ओला झाल्यावर जीव चिकटा सोडतो. पडद्यावरचा चिकटा बहुतेक वेळा मेथिलसेल्युलोजचा असतो. वनस्पतींच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेली ही पांढरी भुकटी अन्नपदार्थ दाट करायलाही वापरतात. तिचे लांबलचक रेणू पाण्यात एकमेकांत गुंततात आणि त्यामुळे तार सुटते. तिचा स्वभाव उफराटा आहे: गरम पाण्यात ती विरघळत नाही, थंड पाण्यात विरघळते. बहुतेकांची पहिली खेप इथेच वाया जाते.

दहा लिटरसाठी १५० ग्रॅम भुकटी घ्यावी. तीन लिटर पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापवून आचेवरून उतरवायचं आणि त्यात भुकटी चाळणीने थोडी थोडी भुरभुरत ढवळायचं. पाणी दुधट दिसेल, दाट होणार नाही. तसंच हवं. प्रत्येक कण सुटा भिजतोय. मग सात लिटर थंडगार पाणी, बर्फाचं असेल तर उत्तम, ओतायचं आणि सावकाश ढवळत राहायचं. थंड होता होता डोळ्यांदेखत माल दाट होतो. झाकून रात्रभर ठेवला की बुडबुडे वर येऊन फुटतात आणि काचेसारखा चिकटा उरतो. भुकटी थेट गार पाण्यात टाकली तर प्रत्येक गोळ्याच्या बाहेरचा थर लगेच जेल होतो, आतली भुकटी कोरडी राहते, आणि त्या गुठळ्या कितीही ढवळल्या तरी मोडत नाहीत. घाईघाईने इलेक्ट्रिक मिक्सर फिरवला तर फेस येतो. फेस कॅमेऱ्यात साबणासारखा दिसतो आणि सगळी भीती तिथेच विरते.

दीड टक्का हे प्रमाण मध्यम तारेसाठी झालं. एक टक्क्यात लाळ होते, अडीचमध्ये चमच्यावरून थेंब पडायला वेळ लागतो. भुकट्यांच्या ग्रेड वेगवेगळ्या असतात, त्यामुळे आधी एक लिटर करून बघावं. अन्नाच्या किंवा औषधाच्या दर्जाचीच भुकटी आणा. वॉलपेपर चिकटवायच्या गोंदात बऱ्याचदा हाच पदार्थ असतो, पण त्यात बुरशीनाशक मिसळलेलं असतं, तो अभिनेत्याच्या तोंडाजवळ जाता कामा नये. पीव्हीए गोंद आणि बोरॅक्सचा लवचिक चिकटा भिंतीला, वस्तूंना ठीक आहे, त्वचेला नको.

निव्वळ पारदर्शक चिकटा पडद्यावर पाण्यासारखा दिसतो. दहा लिटरमध्ये चिमूटभर पांढरा खाद्यरंग टाकून तो किंचित धुरकट करावा, मग त्याला जाडी येते. पिवळट-करडा रंग पोटात ढवळवतो, भडक हिरवा हसवतो. दहा लिटरला पाव लिटर ग्लिसरिन घातलं तर तो उशिरा वाळतो. तसाच सोडला तर लाइटखाली अर्ध्या तासात कागदासारखा पापुद्रा धरतो. आपल्या जीवाला मात्र हा दोषही कामाचा आहे: मेलेल्या जीवाचे वाळलेले पापुद्रे मुद्दाम करावेत. काचेवर पातळ थर ओता, रात्रभर वाळू द्या, सकाळी सोला. उभ्या भिंतीवर चिकटा ओघळून जातो, तिथे झँथन गम हा खाद्यपदार्थ दाट करणारा डिंक वापरा. तो हलवताना पातळ होतो, स्थिर झाला की जागी धरून राहतो. पाव-अर्धा टक्का जास्त-कमी करून बघावं लागतं.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला चिकटा थंड जागी ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा. जमिनीवर सांडलेला चिकटा बर्फासारखा निसरडा असतो. सेटवरचे बरेच अपघात राक्षसामुळे नाही, यानेच होतात. चालायच्या वाटेवर खरखरीत टेप मारा, केबल जमिनीवरून उचलून बांधा. आणि धुताना थंड पाणी घ्या. गरम पाण्याने तो गोठून फरशीला धरतो.

कातडं

पूर्ण अंग बनवण्याऐवजी तीन गोष्टी बनवा: एक पातळ पडदा, एक हलणारा उंचवटा, आणि अगदी जवळून दाखवता येईल असा एकच तुकडा.

पडद्यासाठी गुळगुळीत फळीवर द्रव लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा, थर ब्रशने लावावा, वर टिश्यू पेपरचे फाटके तुकडे आणि सुताच्या गुठळ्या बसवाव्यात, पुन्हा लेटेक्स. असे चार-पाच थर, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. सोलण्याआधी वरून टाल्कम पावडर लावायलाच हवी, सोलताना खालच्या बाजूलाही. लेटेक्स स्वतःलाच चिकटला की सुटत नाही. शिरांसारखा दिसणारा हा पडदा ओला करून मागून प्रकाश टाकला की त्याची किंमत कुणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोलियम जेली किंवा तेल लेटेक्सला लावू नका. तो फुगतो, मऊ पडतो आणि ऐन टेकला फाटतो. मेथिलसेल्युलोजचा चिकटा पाण्याचा असल्याने त्याला चालतो. द्रव लेटेक्समधला अमोनिया डोळ्यांना झोंबतो, खिडक्या उघड्या ठेवा. आणि काही लोकांना लेटेक्सची गंभीर ॲलर्जी असते, प्रत्येकाला आधी विचारा.

जवळच्या शॉटसाठी प्लॅटिनम सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं सिलिकॉन, हाच पर्याय. जिलेटिन स्वस्त आणि सुंदर दिसतं, पण गरम लाइटखाली ओघळतं. सिलिकॉनचे ए आणि बी हे दोन भाग बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा समसमान, काट्यावर मोजून मिसळायचे. आणि इथे सगळ्यात जास्त रडवणारी चूक होते. साच्याची माती गंधक असलेली निघाली, किंवा मिसळणाऱ्याने लेटेक्सचे हातमोजे घातले, तर प्लॅटिनमचं काम थांबतं आणि सिलिकॉनचा पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. थांबून, तापवून, पुन्हा थर देऊन काही होत नाही, सगळं खरवडून टाकावं लागतं. टिन-क्युअर (कथिलाच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन आणि थ्री-डी प्रिंटरची काही रेझिन्सही असाच घात करतात. नायट्राइलचे मोजे वापरा, गंधक नसलेली माती घ्या, आणि साच्याच्या कोपऱ्यात चमचाभर सिलिकॉन ओतून आदल्या दिवशी चाचणी करा. रंग आतच मिसळावा. वाळलेल्या सिलिकॉनवर साधा रंग धरत नाही, तिथे सिलिकॉनमध्येच मिसळलेला रंग लागतो.

आकार ठरवणं अवघड जात असेल तर आकारच नको. १९५८ मधल्या 'द ब्लॉब'मध्ये जीव म्हणजे लाल रंगवलेलं सिलिकॉन आणि छोटे सेट होते.

हालचाल

त्वचेखाली काहीतरी सरकतंय हा शॉट रबराच्या पिशव्यांवर चालतो. लेटेक्सची चपटी पिशवी, फिशटँकची बारीक नळी, टोकाला ६० मिलिलिटरची सिरिंज. पिशवी अभिनेत्याच्या हाताला टेपने चिकटवून वर सिलिकॉनच्या पातळ त्वचेचा तुकडा बसवायचा. नळीत हवा असली तर दट्ट्या दाबल्यावर आधी हवा दबते, मग पिशवी फुगते, आणि हालचाल लोळागोळा होते. नळीत पाणी भरा, बोट हलताच उंचवटा हलतो. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी फरक पडतो, नळी उभी धरून तो काढून टाका. तीन पिशव्या ओळीने लावून एकापाठोपाठ एक दाबल्या की गाठ मनगटाकडून कोपराकडे चालत जाते.

उलटा चालवलेला शॉट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा. चिकटा चेहऱ्यावरून ओघळताना चित्रित करा, उलटा चालवा, तो नाकपुड्यांत चढतो. अट एवढीच की फ्रेममधलं बाकी काही वेळेची दिशा सांगता कामा नये: धूर, थेंब, पापण्यांची उघडझाप. अभिनेत्याने डोळे उघडे ठेवून श्वास रोखावा. शॉट पाच-सहा सेकंदांपेक्षा लांबवू नये.

छोट्या प्रतिकृतीवर मात्र लोक अडखळतात, आणि कारण साधं भौतिकशास्त्र आहे. एक मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. पाव आकाराच्या प्रतिकृतीत तीच उंची २५ सेंटिमीटर होते, वेळ ०.२३ सेकंद, म्हणजे निम्मा. डोळ्याला ती घाई कळते आणि मेंदू 'खेळणं' म्हणून मोकळा होतो. म्हणून फ्रेम रेट (सेकंदाला घेतलेल्या फ्रेम) प्रतिकृती जितक्या पटीने छोटी, त्याच्या वर्गमुळाने वाढवायचा. पाव आकाराला २४ ऐवजी ४८, नवव्या हिश्शाला ७२, सोळाव्या हिश्शाला ९६. फ्रेम रेट दुप्पट झाला की प्रकाशही दुप्पट लागतो. शिवाय प्रतिकृतीत पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट दिसायला ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करून एफ ४ वरून एफ ११ वर न्यावं लागलं तर आणखी आठपट. एकूण सोळापट. हा हिशोब आधी न केल्याने अख्खा दिवस अंधारात गेल्याची उदाहरणं थोडी नाहीत. पाण्याचे थेंब लहान करता येत नाहीत, प्रतिकृतीशेजारी ते टरबुजाएवढे दिसतात. पाण्यात थोडा साबण टाकल्याने थेंब बारीक होतात, पण पुरेसे नाहीत. पाण्याचा शॉट शक्यतो मोठ्या प्रतिकृतीवरच घ्यावा.

उजेड

ओल्या वस्तूवर समोरून प्रकाश टाकला की ती सपाट, प्लास्टिकसारखी दिसते. चिकट्याचं अस्तित्व त्यावरच्या चकाकीत असतं, आणि चकाकी येते मागून किंवा मागच्या बाजूने येणाऱ्या प्रकाशातून. मुख्य दिवा जीवाच्या मागे, किंचित वर, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. समोरून फक्त एक पांढरा थर्माकोल, तोही लांब. लांब अरुंद एलईडी पट्टी असेल तर तिचं प्रतिबिंब चिकट्यावर रेघेसारखं पडतं, आणि चिकटा हलला की रेघ वळवळते. अंधार केला म्हणजे भय आलं असं नाही. चेहरा, हात, दाराची कड, यांपैकी एक गोष्ट स्वच्छ दिसायला हवी, नाहीतर प्रेक्षक ताणून बघत राहतो आणि चिडतो.

स्वस्त एलईडी जास्त फ्रेम रेटला लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यात पट्टे येतात. ९६ फ्रेमचा शॉट असेल त्या दिव्यांची चाचणी आदल्या दिवशी त्याच फ्रेम रेटला घ्या आणि मोठ्या स्क्रीनवर बघा.

आवाज

पैसे थोडे उरले असतील तर ते इथे घाला. जीव पडद्यावर दोन मिनिटं असेल, आवाज दीड तास असतो.

आपल्या जीवाची कोरडी अवस्था मुकी ठेवा. ओला झाला की पहिल्यांदा आवाज येऊ द्या, मग पुढे नुसता आवाज आला तरी पुरतं. प्लास्टिकच्या डब्यात चिकटा आणि दोन बोटं, भिजवलेलं शॅमॉय चामडं पिळणं, सेलरीचा दांडा मोडणं, एवढ्यावर बरंच काम होतं. आवाज अर्ध्या वेगाने चालवला की एक सप्तक खाली जातो, पाव वेगाने दोन सप्तकं. गोम अशी की ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलेल्या आवाजात २४ किलोहर्ट्झपर्यंतच माहिती असते, पाव वेगाला ती ६ पर्यंत घसरते आणि आवाज गोणपाटातून आल्यासारखा लागतो. ९६ ला रेकॉर्ड केलं तर १२ पर्यंत राहते, ओलेपणा जिवंत राहतो. त्यासाठी माइकही २० किलोहर्ट्झच्या वरचं टिपणारा हवा. नसेल तर अर्ध्या वेगावर समाधान माना.

खोल गुरगुर ४० हर्ट्झवर ठेवून बरेच जण खूश होतात. पुढे तो सिनेमा बहुतेक लोक फोनवर बघतात आणि त्यांना तिथे शांतता ऐकू येते. गुरगुरीला २०० ते ४०० हर्ट्झचा एक खरखरीत थर जोडा आणि मिक्स फोनच्या स्पीकरवर ऐकूनच पास करा.

शूटिंगचा क्रम

चिकटा लागलेला कपडा पुन्हा कोरडा होत नाही. दृश्यं कोरड्याकडून ओल्याकडे घ्यावीत, आणि प्रत्येक पात्राचे कपडे तीन जोड: स्वच्छ, डागाळलेला, भिजलेला. दर टेकनंतर चिकटा कुठे आणि किती, याचा फोटो. ओतताना मोजपात्राने ओता. 'थोडासा' म्हणजे किती हे तिसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. इफेक्टचा एक शॉट मांडायला दीड-दोन तास धरा, म्हणजे दहा तासांच्या दिवसात चार-पाच. त्याहून जास्त लिहिले असतील तर शूटिंगला जायच्या आधीच कागदावर कापा.

एडिटिंगमध्ये जीवाचा शॉट पहिल्यांदा १८ ते २४ फ्रेम, म्हणजे एक सेकंदाच्या आत संपवावा. डोळ्याला आकार कळायच्या आधी बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कट. शेवटच्या दृश्यात तोच शॉट तीन सेकंद ठेवता येतो.

पहिला कट तयार झाला की खुणांचे शॉट कमी पडलेले दिसतात: नळाच्या कडेवरचा पापुद्रा, चष्म्यावरची भुकटी, टेबलावरून सरकलेली ओली रेघ. हे सगळे एका खोलीत, दोन माणसांत, एका दिवसात होतात आणि ढासळलेलं दृश्य सावरतात. त्यासाठी चिकट्याचं आणि रंगाचं प्रमाण लिहिलेला कागद, उरलेली भुकटी आणि सेटवरच्या टेबलाची एक फळी बाजूला काढून ठेवावी. भुकटी पुन्हा आणता येते, पण फळी फेकून दिली असेल तर लाकडाच्या त्याच रेघा जुळवत बसावं लागतं.